एक मिनिट बारा सेकंदांवरची जागा

प्रिय ताई,

मी ३१ वर्षांचा, लोकमान्य नगरात राहतो, बँकेत नोकरी करतो. २०२० च्या लॉकडाउनपासून दर शुक्रवारी रात्री त्या आठवड्यात आलेल्या गाण्यांतून दहा निवडून मित्रांना आणि नातेवाइकांना पाठवतो. पाच पॉप, पाच पंक (म्हणजे वेगवान, ओरडून म्हटलेलं रॉक). सुरुवातीला ११ जण होते, आता ६४ आहेत. एकही शुक्रवार चुकलेला नाही. माझ्या लग्नाच्या आठवड्यातही यादी गेली.

आता वैताग आलाय. कोणी काही बोलत नाही, दोन-चार अंगठे येतात, बस. मावसभावाने तर परवा लिहिलं, 'मला यातून काढ ना भिया.' शुक्रवारी मी सत्तर-ऐंशी गाणी चाळतो. खरं सांगायचं तर एकेकाला वीस सेकंद देतो. सोमवारी त्यातलं एकही आठवत नाही. बायको म्हणते, 'तू गाणी ऐकत नाहीस, डाक छाटतोस.' त्यात एका जुन्या मित्राच्या बँडचं पहिलं गाणं आलंय. त्याने मला सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत नेऊन साबुदाण्याची खिचडी खिलवली आणि विचारलं, 'यादीत घेशील ना?' गाणं चांगलं नाहीये. आणि बाबा (ते तबला शिकवतात) विचारतात, 'तुझ्या या गाण्यांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे असते?' मला उत्तर देता येत नाही.

बंद करून टाकू का? मागची यादी सोबत पाठवतोय.

शुक्रवारचा हमाल, इंदूर


अरे हमाला,

आधी तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग. तिने सहा शब्दांत जे सांगून टाकलं तेच मी आता पानभर सांगणार आहे, कारण मला पानाचे पैसे मिळतात.

तू बँकेतला, तेव्हा हिशेबापासूनच सुरू करू. ऐंशी गाणी, एकेकाला वीस सेकंद. झाले १,६०० सेकंद. सत्तावीस मिनिटंही पुरी होत नाहीत. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम घे, ज्याच्यापासून पंकची गणती सुरू करायची पद्धत आहे. १४ गाणी, अवघी २९ मिनिटं. जगातल्या सगळ्यात घाईच्या माणसांना १४ गाणी वाजवायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात तू ८० निकालात काढतोस. रामोन्सपेक्षा घाईचा माणूस आपल्या इंदुरात निघाला याचा मला क्षणभर अभिमानच वाटला.

पुढची गंमत ऐक. स्पॉटिफायवर गाणं 'वाजलं' असं धरलं जातं ते तीस सेकंद झाल्यावर. तू विसाव्या सेकंदाला पुढे सरकलास की त्यांच्या खात्यात त्या गाण्याच्या नावे काहीच जमा होत नाही. म्हणजे बायको राहू दे, कंपनीच्या लेखीसुद्धा तू ते गाणं ऐकलेलं नाहीस. आणि गाणी करणाऱ्यांना हा तीस सेकंदांचा उंबरठा चांगला ठाऊक आहे. आधी निवांत सुरावट, मग कडवं, मग धृवपद असा थाट पॉपमध्ये आता कमी दिसतो. धृवपदच दारात येऊन उभं राहतं. तेव्हा वीस सेकंदांवर तू निवडतोस ती काय? दारातली रांगोळी. आत घर आहे की नुसती भिंत, ते बघायला तू थांबतच नाहीस.

'पण ताई, थांबलो तर बाकीची सुटतील ना!' सुटू देत. अमेरिकेत ल्युमिनेट नावाची कंपनी याची मोजदाद ठेवते. तिच्या हिशेबाने २०२४ मध्ये रोज सरासरी ९९ हजारांच्या आसपास नवी गाणी जगभरातून येऊन पडत होती. आठवड्याला नव्हे, रोज. सोयीसाठी एक लाख धर, गाण्याला तीन मिनिटं धर. एका दिवसाची आवक ऐकून संपवायची तर न जेवता, न झोपता २०८ दिवस लागतील. गुढीपाडव्याला ऐकायला बसलास तर दिवाळीच्या पाडव्याला उठशील, आणि तोवर फक्त गुढीपाडव्याचीच गाणी संपलेली असतील. मग तू ८० चाळलीस काय आणि २० ऐकलीस काय, सुटलेल्यांच्या ढिगाला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो हातात आलेल्यांना.

आता हा शुक्रवार. तो काही आकाशातून पडलेला नाही. आधी ब्रिटनमध्ये नवे अल्बम सोमवारी यायचे, अमेरिकेत मंगळवारी, आणखी कुठे आणखी कधी. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात चोरून फिरायला मधले दोन-तीन दिवस मिळायचे. म्हणून १० जुलै २०१५ पासून रेकॉर्ड कंपन्यांनी जगभर शुक्रवार हा एकच वार ठरवून टाकला. आपल्याकडे बरीचशी गाणी गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला येतात. अमेरिकेतल्या काही बड्या मंडळींची मात्र तिकडच्या मध्यरात्रीला, म्हणजे आपल्या शुक्रवारी सकाळी साडेनऊ किंवा साडेदहाला, त्यांच्याकडे उन्हाळा आहे की हिवाळा त्यावर. तेव्हा तू काउंटरवर कुणाचं तरी केवायसी करत असतोस. तर शुक्रवार हा त्यांचा बाजाराचा वार. आपल्याकडे गावोगावी आठवडी बाजार भरतो तसा. बाजार शुक्रवारी भरतो म्हणून भाजी शुक्रवारीच शिजली पाहिजे, असं तुला कुणी सांगितलं?

माझ्या थोरल्या भावाची एक गोष्ट सांगते. १९८६-८७ ची असेल. राजवाड्याजवळच्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की चार दिवसांनी भरून मिळायची. नव्वदची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. दादा रविवारी दुपारी वहीच्या पाठच्या पानावर यादी करायला बसायचा. पहिल्या यादीत चाळीस गाणी, बसणार अठरा-वीस. मग खोडाखोड. एखादं गाणं खोडायचा, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन यायचा, पुन्हा लिहायचा. आई म्हणायची, 'मुली बघतोयस का गाणी?' दुकानदार बाजू भरताना शेवटी विचारायचा, 'तीन मिनट बच रहे हैं, क्या डालूँ?' आणि त्या तीन मिनिटांसाठी दादा दुकानात उभ्याउभ्या जेवढा विचार करायचा तेवढा त्याने पुढे नोकरी निवडताना केला नाही. त्याच्या त्या कॅसेटी मला आजही क्रमाने पाठ आहेत. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं ते कान आधीच वाट बघतो, आणि रेडिओवर दुसरंच लागलं की चुकल्यासारखं होतं.

तुझ्या यादीला काठ नाही. म्हणजे दहाचा आकडा आहे, पण तो दहा भरायचा आकडा आहे. दादाला वीसच्या वर जाता येत नव्हतं, तुला दहाच्या खाली येता येत नाही.

मी तुला हे शहाणपण गादीवर बसून सांगत नाहीये. नव्वदच्या दशकात मी एका वर्तमानपत्रात नव्या कॅसेटींवर सदर लिहायचे. आठवड्याला पाच कॅसेटी यायच्या, गुरुवारी मजकूर द्यायचा. एका आठवड्यात घरात आजारपण होतं. मी एका पॉप कॅसेटची पहिली बाजू अर्धीमुर्धी ऐकली, आतलं कव्हर वाचलं आणि लिहून दिलं, 'दोन्ही बाजू सारख्याच श्रवणीय.' छापून आलं. दुसऱ्या दिवशी कॅसेट पाठवणाऱ्या माणसाचा फोन. बाई, तुम्हाला पाठवलेली प्रत सदोष होती, ब बाजू कोरीच गेली होती, दुसरी पाठवू का म्हणून विचारायला आम्ही फोन करणारच होतो, तेवढ्यात तुमचं परीक्षण वाचलं. फार सभ्य माणूस होता. हसला नाही. त्याच्या त्या न हसण्याने मी आजही मधूनच रात्री जागी होते.

म्हणून तुझी यादी मी दोनदा ऐकली. दहा गाणी मिळून ३१ मिनिटं. एकदा सकाळी मेथी निवडत, एकदा रात्री दिवा मालवून. आणि आता मुद्द्याचं.

सातवं गाणं. बँडचं नाव इथे देत नाही, नाहीतर लोक ते माझ्या सांगण्यावरून ऐकतील. १ मिनिट ५० सेकंदांचं पंक गाणं. गिटार भिंतीसारखी, ड्रम अंगावर येणारे, गाणारी मुलगी ओरडतेय. मेथी निवडता निवडता मी मनात म्हटलं, बरं, ठीक. आणि १ मिनिट १२ सेकंदांवर सगळं थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही. मुलगी श्वास घेते. तो श्वास त्यांनी पुसून टाकलेला नाही, चांगला ऐकू येतो, दमलेल्या माणसाचा असतो तसा. मग ती ओळीचे उरलेले तीन शब्द जवळजवळ बोलल्यासारखे म्हणते आणि सगळा कल्लोळ पुन्हा कोसळतो. माझा हात थांबला. काडी हातात तशीच. आपल्याकडे याला काय म्हणतात ते तुझ्या बाबांना विचार. 'काय जागा आहे!' म्हणतात.

तू त्या गाण्यापुढे काय लिहिलंस? 'फुल एनर्जी, मस्ट लिसन.' ज्या गाण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे एनर्जी बंद पडते तो क्षण आहे, त्या गाण्यापुढे. तुला ती जागा माहीतच नाही, असा मला दाट संशय आहे. विसाव्या सेकंदाला उतरणाऱ्या माणसाला पुढच्या चौकातलं घर कसं दिसणार? मी मोजलं: दहा गाण्यांच्या टिपणांत 'एनर्जी' सहा वेळा, 'भन्नाट' चार वेळा, 'व्हाइब' तीन वेळा. हे शब्द वाचून तुझ्या मावसभावाने 'काढ ना भिया' म्हटलं असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. सहाही गाण्यांत एनर्जी असेल तर त्याने ऐकावं कुठलं?

तर माझं म्हणणं एवढंच: गाणं सांगू नकोस, जागा सांग. 'एक मिनिट बारा सेकंदांवर ही बाई श्वास घेते, तो ऐक.' संपलं. हे वाक्य वाचून चौसष्टातले दहा जण तरी त्या जागेपर्यंत जातील, निदान खरं आहे का ते बघायला. आणि असं वाक्य लिहायचं तर तुला स्वतःला तिथपर्यंत जावंच लागेल. वीस सेकंदांत ते लिहिता येत नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

कसं करायचं ते सांगते, पुढे तुझं तू बदल. शुक्रवारी गाणी गोळा कर, पण पाठवू नकोस. फार तर पंधरा-वीस. ती शनिवार-रविवारात पुरी ऐक, मधे उठायचं नाही. पंकला तास लागत नाही, वीस गाणी पाऊण तासात होतात. मग मंगळवारपर्यंत हात लावू नकोस. मंगळवारी बँकेत चहाच्या वेळी, फोन न उघडता, कुठलं गाणं आपोआप तोंडात येतं बघ आणि चिठ्ठीवर लिही. तीन येतील, कधी एकच येईल. ती पुन्हा ऐक आणि येत्या शुक्रवारी पाठव. म्हणजे तुझी यादी आठवडाभर शिळी असेल. असू दे. पोहे गरमच लागतात, मान्य, पण लोणच्याचा नियम वेगळा आहे, आणि गाणं लोणच्याच्या बाजूला मोडतं.

पॉपची परीक्षा मात्र वेगळी घे. पॉप हे तिसऱ्या-चौथ्यांदा कानावर पडण्यासाठीच बांधलेलं असतं: दुकानात, रिक्षात, शेजारच्या लग्नात. ते महागड्या हेडफोनवर पहिल्यांदा ऐकून निकाल देणं म्हणजे लग्नातला जिलेबीवाला प्रयोगशाळेत तपासणं. स्टुडिओतसुद्धा मोठ्या स्पीकरवर मिक्स झालं की छोट्या, स्वस्त स्पीकरवर लावून बघायची जुनी पद्धत आहे, कारण बहुतेकांच्या कानावर ते तसंच पडणार असतं. तू फोनच्या स्पीकरवर लाव, फोन डब्यांच्या फडताळात ठेव आणि भांडी घास. भांड्यांच्या आवाजातूनही सूर पोचला तर ते पॉप पक्कं. (भांडी घासल्याने घरातही काही चांगले परिणाम होतील, पण तो या सदराचा विषय नाही.) पंकला उलट शब्द समोर घेऊन एकदा बस. ओरडण्यात निम्मं गाणं शब्दांत असतं आणि तेच पहिल्यांदा ऐकताना कळत नाही.

आणि ते पाच-पाचचं आरक्षण काढून टाक. कुठलं गाणं कुठल्या रकान्यात घालशील? उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्स या पोरांनी १९७८ मध्ये 'टीनेज किक्स' केलं. बेलफास्टच्या एका रेकॉर्डच्या दुकानाने आपल्या चिमुकल्या लेबलवर ते काढलं. वाजवायची रीत पंकची, बाहेर शहरात बंदुका आणि नाकेबंदी, आणि गाण्याचा विषय काय, तर शेजारपाजारची पोरगी. पॉप म्हण की पंक म्हण. बीबीसीच्या जॉन पीलने ते रेडिओवर लावलं आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावलं, एकामागून एक दोनदा. हा पील १९६७ मध्ये रेडिओ वन सुरू झालं तेव्हापासून २००४ मध्ये मरेपर्यंत लोकांना नवी गाणी ऐकवत होता, टपालाने आलेल्या अनोळखी पोरांच्या रेकॉर्डीसुद्धा. नव्या गाण्यांच्या ढिगाऱ्यात त्याच्याइतका कोण बसला असेल? आणि त्या माणसाला एक गाणं आवडलं तेव्हा तो पुढचं नवं लावायचं सोडून तेच पुन्हा लावून बसला. तू तुझ्या यादीत एखादं गाणं लागोपाठ दोन आठवडे दिलंयस कधी? देऊन बघ. लोक चमकतील.

आपल्या घरांतही आठवड्याची यादी नवी नाही. तुझ्या आजीला विचार, बुधवारी रात्री आठला सगळी आळी कशाला गप्प व्हायची. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला, १९५२ पासून. पण ती पायदानं होती, म्हणजे गाण्यांचे क्रमांक. रेकॉर्डींचा खप आणि श्रोता संघांची पत्रं यांच्या बेरजेतून ठरायची. लोकांना काय आवडलं, त्याची ती यादी. तुला काय आवडलं ते सांगण्याला तुझे चौसष्ट लोक आहेत. लोकांना काय आवडलं ते त्यांना फोन दिवसभर सांगतच असतो.

त्या चौसष्टांबद्दल फार लिहीत नाही. एकदा प्रत्येकाला विचार, 'हवंय का?' 'हो' म्हणणारे ठेव, गप्प बसणाऱ्यांना मोकळं कर. वीस उरतील. घाबरू नकोस. लंडनमध्ये १९७६ च्या जुलैत मार्क पेरी नावाच्या १९ वर्षांच्या पोराने रामोन्सच्या वेडापायी 'स्निफिन ग्लू' नावाचं पंकचं हातचं मासिक काढलं. लहान मुलांचा टाइपरायटर, जाड पेनाने काढलेले मथळे, फोटोकॉपी करून टाचणी मारलेली पानं. पहिल्या अंकाच्या ५० च्या आसपास प्रती. वर्षभरात तो आकडा हजारांवर गेला, आणि ऐन जोरात असताना, १९७७ मध्येच, त्याने ते बंद केलं. स्वतःचा बँड काढायचा होता. आणि हा पेरी त्याआधी काय करायचा माहीत आहे? बँकेत कारकून होता. 'बंद करू का' या तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी हे सांगत नाहीये. म्हणजे, सांगतेयही. बंद करायचं तर दुसरं काही जास्त ओढ लावणारं सापडलं म्हणून कर. अंगठे येत नाहीत म्हणून बंद करणार असशील, तर तू पाच वर्षं अंगठ्यांसाठीच लिहीत होतास असं होईल, आणि मला तसं वाटत नाही. लग्नाच्या आठवड्यात यादी पाठवणारा माणूस अंगठ्यांसाठी पाठवत नसतो. (बायको तेव्हाच काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.)

मित्राचं गाणं. नको घेऊस. अमेरिकेत १९५९-६० च्या सुमारास रेडिओवाले पैसे घेऊन गाणी लावतात हे उघडकीला आलं, तेव्हा मोठ्या मोठ्या निवेदकांच्या नोकऱ्या गेल्या, कायदा बदलला. तुझी खिचडी त्या पंक्तीत बसत नाही, तूप-शेंगदाणे कितीही सढळ असले तरी. पण तुझ्या यादीत आवडलं नाही ते एक गाणं शिरलं की बाकीच्या तिन्हींवरचा विश्वास उतरतो, आणि मग पुढे मित्राचं खरंच चांगलं गाणं आलं तर ते सांगायला तुझ्याकडे यादीच उरणार नाही.

पण 'नाही' हे फोनवर लिहून पाठवू नकोस. त्याला या वेळी तू सराफ्यात ने. रात्री अकरानंतर, गर्दी जरा बसल्यावर. थंडी असेल तर गराडू (तळलेला कंद) घ्या, हात आणि तोंड दोन्ही गुंतलेलं बरं असतं. आणि त्याला जागा सांग. 'हे गाणं जमलं नाही' असं मोघम बोलू नकोस. अमुक सेकंदाला बास ऐकूच येत नाही, तमुक ओळ तू दुसऱ्यासारखी गातोस, पण दुसऱ्या कडव्याची सुरुवात मला आवडली. एक तरी खरी आवडलेली जागा सापडेपर्यंत त्याच्याकडे जाऊच नकोस. दहा वेळा ऐकावं लागलं तरी ऐक. मित्राला एवढं देणं लागतोस. आणि त्याला यादीखाली एक वेगळी ओळ हवी असेल, तर 'हे माझ्या मित्राचं आहे, म्हणून यादीत नाही, तुम्हीच ऐकून ठरवा' असं लिही. मात्र आधी त्याला दाखवून.

त्याच्या कार्यक्रमाला जा. यादीपेक्षा याची त्याला जास्त गरज आहे. इंदुरात बँड चालवणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. आपल्याकडे निकोटिन नावाचा मेटल बँड २००६ पासूनचा आहे. मध्य भारतात असलं संगीत करणारे ते जवळपास पहिलेच. त्या काळी हे लोक वाजवत तेव्हा समोर उभं राहणारे मोजके असतील, पण ते उभे राहिले म्हणून पुढच्या पोरांना गिटार विकत घ्यावीशी वाटली. तू समोर उभा राहा. ॲम्प्लिफायर उचलायला हात लाव. हमालच आहेस ना?

आता बाबा. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला वाटला. तुला तो टोमणा वाटतो. मला नाही वाटत. तबला शिकवणारा माणूस एखाद्या संगीताबद्दल सम कुठे आहे असं विचारतो, म्हणजे त्याने ते संगीत आहे एवढं तरी धरलंच आहे. ज्याला ते संगीत वाटत नाही तो 'आवाज कमी कर' म्हणतो.

तर त्यांना असं सांग. चार मात्रा. पहिली आणि तिसरीला पायाचा बास ड्रम, दुसरी आणि चौथीला हाताचा स्नेअर. लय मिनिटाला १८० मात्रांची धर, वेगळीही असते. म्हणजे दर सव्वा सेकंदाला, फार तर थोडं जास्त, सम येऊन जाते. या सव्वा सेकंदावर बाबा हसतील. त्यांना हसू दे. इंदूरचे गायक अमीर खाँसाहेब यांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, झुमरा ताल त्यांनी ऐकलेला असणार, चौदा मात्रांच्या एका आवर्तनात तुझं अर्धं गाणं उरकतं. मग त्यांना डी-बीट ऐकव. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट गावचा डिस्चार्ज नावाचा बँड, १९७७ चा. त्यांच्या ड्रमचा एक घोड्यासारखा दौडणारा ठेका होता. तो पुढे स्वीडनपासून जपानपर्यंत बँडांनी उचलला आणि आजही त्या बँडच्या आद्याक्षरावरूनच ओळखला जातो. तबल्यात वाजवण्याच्या रीतीला पंजाब बाज, बनारस बाज म्हणतात ना, तसं. बाबांना बोल काढायला सांग. मला खात्री आहे, दोन मिनिटांत पाटावर बोटं वाजायला लागतील.

हेडफोन देऊ नकोस त्यांना. स्पीकरवर लाव, आवाज बेताचा ठेव. डी-बीट झाला की सातवं गाणं लाव. १ मिनिट १२ सेकंदांपर्यंत काही बोलू नकोस, आणि त्यांच्याकडे बघूही नकोस.